तेरा भाग, दोन विहिणी आणि चिमूटभर कातडं

लोक लेणी बघायला जातात, किल्ले बघायला जातात. मी परभणी जिल्ह्यात गेले ती एका बाईच्या पापण्या बघायला. पुण्यात शेजारणीला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, इथे पापण्या नाहीत का? तिला उत्तर म्हणून हे लिहिते आहे.

मी एका महाविद्यालयात जीवरसायनशास्त्र शिकवते. एकदा रेडिओवर दहा मिनिटं बोलायची संधी मिळाली. विषय होता पेशीचा श्वास. आपण नाकाने घेतलेला प्राणवायू शेवटी पेशीतल्या अगदी बारक्या तंतुकणिकांपर्यंत पोचतो, आणि तिथे काही यंत्रं तो वापरून शक्ती तयार करतात. शास्त्रात त्या यंत्रांना विकरं म्हणतात. त्यांतलं शेवटचं यंत्र तेरा भागांचं असतं. त्यातल्या दहा भागांचे आराखडे पेशीच्या केंद्रकात असतात, म्हणजे आईबाप दोघांकडून आलेले. उरलेल्या तिघांचे आराखडे तंतुकणिकेच्या पोटातच असतात आणि ते फक्त आईकडून येतात. हे तेरा भाग नीट जुळले नाहीत तर माणूस थकतो. पुष्कळदा आधी थकतात त्या पापण्या. एवढं मी सांगितलं. घरात ते कुणीच ऐकलं नाही, कारण नेमकं त्याच वेळी नळाला पाणी आलं होतं.

पण जिंतूर तालुक्यातल्या एका गावात खंदारे गुरुजींनी ते ऐकलं. आठ दिवसांत त्यांचं कार्ड आलं. गावात केवळबाई नावाची चाळिशीची बाई आहे, तिच्या पापण्या दहा-बारा वर्षांपासून उतरत चालल्या आहेत, आता मान मागे टाकल्याशिवाय तिला समोरचं दिसत नाही. तिच्या आईच्याही थोड्या उतरलेल्या आहेत. सासरकडे कुणाच्या नाहीत. तुम्ही म्हणता ते हेच का? सहीखाली गुरुजींनी आपली पदवी लिहिली होती आणि विद्यापीठाचं नाव. पण जुनं नव्हे, नवं, जे विद्यापीठाला अजून मिळायचं होतं. पुढे भेटल्यावर मी त्याबद्दल विचारलं. ते म्हणाले, सरकार लिहील तवा लिहील, मी आपली सुरुवात करून ठेवली.

परभणी ते जिंतूर

माझ्याबरोबर डॉ. परांजपे होते. ते कातडीचे डॉक्टर. काम असं होतं, की या घरातल्या माणसांच्या दंडावरून भाताच्या शितापेक्षा लहान कातडीचा तुकडा घ्यायचा, तो पोषक पाण्याच्या बाटलीत घालून पुण्याला आणायचा, आणि त्यातल्या पेशी वाढवून आतली यंत्रं कशी जुळतात ते पाहायचं. हे पोषक पाणी सुरेख गुलाबी रंगाचं असतं. आम्ही पाच बाटल्या नेल्या होत्या: केवळबाई, तिची आई, तिची मुलगी आणि तुलनेसाठी या घराशी रक्ताचं नातं नसलेली दोन धडधाकट माणसं.

परभणीला उतरल्यावर परांजप्यांनी पहिल्यांदा आपला पांढरा कोट चढवला. शर्टाला धूळ लागू नये, हे कारण. लाल गाडीच्या खिडकीतून दोन्ही बाजूंना काळी जमीन आणि कणसं धरून उभी ज्वारी दिसत होती. मधल्या गावांत भिंतीभिंतींवर निळ्या अक्षरांत नामांतराची मागणी लिहिलेली होती. एके ठिकाणी तिच्यावर कुणी चुना फासला होता आणि चुन्यावर पुन्हा कुणी निळ्याने लिहिलं होतं, या वेळी जास्त मोठ्या अक्षरांत. आमच्या पुण्यात भिंतींवर फक्त 'येथे गाड्या लावू नयेत' असतं.

जिंतूरच्या स्टँडवर खंदारे गुरुजी घ्यायला आले होते. किरकोळ अंगाचे, इस्त्रीचा सदरा, हातात छत्री, तीही जानेवारीत. त्यांनी परांजप्यांकडे बघून मला बाजूला घेतलं आणि हळूच सांगितलं, "म्याडम, डाक्टरसाहेबांना कोट काढायला सांगा." मी सांगितलं. परांजपे म्हणाले, कोटामुळे माणसांना विश्वास वाटतो.

गाव

गावाचं नाव मी मुद्दाम देत नाही, का ते पुढे कळेल. फाट्यावर उतरून आम्ही चालत निघालो. पुढे परांजपे, अंगात पांढरा कोट आणि हातात चकचकीत स्टीलची पेटी. वेशीपाशी गोट्या खेळणारी पोरं क्षणभर बघत राहिली आणि मग ओरडत आत पळाली. आम्ही चावडीपाशी पोचलो तोवर गावात एक पुरुष उरला नव्हता. ज्वारीची शेतं मात्र हलत होती.

गुरुजींनी शांतपणे खुलासा केला. पांढरा कोट आणि पेटी म्हणजे नसबंदीवाले. गेल्या साली आरोग्य खात्याची माणसं केसेस पुऱ्या करायला आली होती, तेव्हापासून गाव सावध होतं. एक म्हातारे तेवढे पारावर बसून राहिले होते. त्यांनी आम्हाला थांबवून विचारलं, आपरेशन केल्यावर बादली अजून मिळते का? मिळत असेल तर त्यांची तयारी होती. वय ऐंशीच्या पुढे. परांजप्यांनी कोट काढून पिशवीत घातला.

केवळबाईच्या घरी फक्त बायका होत्या. नवरा ज्ञानोबा इतरांबरोबर ज्वारीत गेला होता. ओसरीवर तिची सासू सोनाबाई बसली होती, उंच, ताठ, कपाळावर हिरवं गोंदण. शेजारच्या आळीतून केवळबाईची आई गंगूबाईही आली होती. लेक गावातल्या गावातच दिलेली. आणि दारात स्वतः केवळबाई उभी होती, मान मागे टाकून, हनुवटी वर करून. मला क्षणभर वाटलं, ही बाई आपल्याला तुच्छ लेखते आहे. मग कळलं की साऱ्या गावाला बारा वर्षं तेच वाटत होतं. तिला गावात 'कलेक्टरीण' म्हणत. ती बिचारी पापणीखालच्या फटीतून फक्त माझा चेहरा शोधत होती.

ती म्हणाली, सकाळी बरं असतं, दुपारी दिवे मालवल्यासारखं होतं. भाकरी थापताना मधूनमधून एका हाताने पापणी उचलून तवा बघावा लागतो. म्हणून तिच्या कपाळावर नेहमी पीठ.

जेवायला भाकरी, ओले हरभरे आणि ठेचा होता. परांजपे हे चिमूटभर साखर घातल्याशिवाय आमटी न खाणाऱ्या घरातले. त्यांनी ठेचा चटणीसारखा घेतला. पुढचं सगळं फार पटकन झालं. ते उठले, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, तांब्या त्यांना दिसला नाही. पेटी उघडी होती. गुलाबी बाटली त्यांनी दाताने उघडली आणि एका दमात पिऊन टाकली.

सगळे त्यांच्याकडे बघत होते. सोनाबाईने विचारलं, सरबत गोड हाय का? परांजपे म्हणाले, खारट आहे.

त्यांना काही झालं नाही. पेशी ज्यावर वाढतात त्यावर डॉक्टरही वाढत असावेत. रात्रीपर्यंत ते चांगले तरतरीत होते. पण आमच्याकडे आता चारच बाटल्या राहिल्या.

कुणाकडून आलं

संध्याकाळी ओसरीवर मी रेडिओवरचं भाषण पुन्हा सांगितलं. आजवर मी हा विषय शेकडो मुलांना शिकवला, पण इतका कान देऊन कुणी ऐकला नव्हता. कारण दोन विहिणींच्या दृष्टीने प्रश्न एकच होता, दोष कुणाच्या घरातून आला? मी चुकून तीन भाग फक्त आईकडून येतात असं म्हणाले, आणि सोनाबाईने मांडीवर थाप मारली. बारा वर्सं हेच म्हणायले मी, असं तिने सगळ्यांना सांगितलं.

गंगूबाई पुढे सरकली. मग तिने मला विचारलं, म्हणजे ती शक्तीची यंत्रं सुमनमधी बी माझ्याकडूनच गेली? सुमन ही केवळबाईची मुलगी, एकोणीस वर्षांची, पापण्या ठणठणीत, आत चुलीपाशी बसून सगळं ऐकत होती. मी म्हटलं, त्या तीन भागांपुरतं, हो. मग गंगूबाई विहिणीकडे वळली.

"मग या घरातली लेकरं पळायलीत, शिकायलीत, ते माझ्या बळावर. तुमचं काय हाय त्यात?"

सोनाबाईचा चेहरा उतरला. आपल्या मुलाने पुढच्या पिढीत त्यातलं काहीच पोचवलं नाही, हे तिला फार लागलं. मी घाईघाईने सांगितलं की उरलेले दहा भाग दोन्हीकडचे असतात, त्यात तुमचाही वाटा आहे. किती? तिने विचारलं. मी म्हटलं, नक्की सांगता यायचं नाही. पाच धरा, असं तिनेच ठरवून टाकलं. गंगूबाई तीनवर अडून बसली. गुरुजी छत्रीच्या मुठीवर हनुवटी टेकून ऐकत होते, त्यांचे खांदे हलत होते.

मग सोनाबाईने जे विचारलं ते मला अजून आठवतं. "दहा भाग भाईरून आले, तीन घरात झाले. ठीक हाय. मग जुळवतं कोण?"

मी म्हटलं, ते जुळतात.

"आपोआप? लग्नाला घरोघरचं सामान आलं म्हणून मांडव उभा ऱ्हातो का? कुनीतरी म्होरं होऊन सांगावं लागतं, हे हितं धर, ते तितं बांध."

मला उत्तर येत नव्हतं. त्या वेळी ते नीटसं कुणालाच येत नव्हतं. फरक एवढाच की आम्ही ते 'आपोआप' या शब्दाखाली झाकून ठेवत होतो.

कातडी द्यायला केवळबाई, गंगूबाई आणि सुमन तयार झाल्या. तुलनेसाठी सोनाबाई चालली असती, पण ती म्हणाली, माझं तपासून उद्या माझ्यावर आळ घालाल. मी माझा दंड पुढे केला. परांजप्यांनी आठवण करून दिली की माझी कातडी आम्ही दोनदा वाढवायला ठेवली होती आणि दोन्ही वेळा तिच्यावर बुरशी आली. त्यांची स्वतःची? ते म्हणाले, मी माझ्यावर शस्त्र कसं चालवणार. म्हणजे धडधाकट माणूस हवा होता, आणि तशी सगळी माणसं ज्वारीत होती.

चुडाव्याचे पाहुणे

दुसऱ्या दिवशी सकाळी केवळबाई आणि गंगूबाईचं काम झालं. सुमनचा नंबर लागेपर्यंत दुपार झाली. तिच्या दंडावर परांजपे पट्टी चिकटवत होते तेवढ्यात बाहेर गलका झाला. चुडाव्याहून सुमनला बघायला पाहुणे आले होते. यायचे होते दोन दिवसांनी, पण पूर्णेहून गाडी सोयीची मिळाली म्हणून आजच आले. मुलगा माणिक, रुंद खांद्यांचा, आणि त्याचे वडील.

पाहुणे आले म्हणजे नसबंदीवाले नाहीत, असा हिशोब करून ज्वारीतले पुरुषही एकेक परतले. ज्ञानोबा डोक्यावरची पानं झटकत आला आणि बसला.

घरात जो गोंधळ उडाला तो मी आयुष्यात विसरणार नाही. केवळबाईला आत ढकललं गेलं. आम्हाला सांगण्यात आलं की तुमी पुण्याचे पाहुणे, बाकी काही बोलू नका. चहा केवळबाईनेच ओतला आणि आतून कप दिले. त्यात एक कप कोनाड्यात वेगळा ठेवलेला होता. तो खंदारे गुरुजींचा. गावाचं नाव दिलं नाही ते या कपामुळे. आदल्या दिवशी मी तो पाहिला होता, गुरुजींनीही पाहिलं होतं की मी पाहिला. केवळबाईला दुपारच्या अंधारात कप ओळखता आले नाहीत, आणि गुरुजींचा कप गेला मुलाच्या वडिलांकडे. सोनाबाईच्या ते ध्यानात आलं. तिने तोंड उघडलं आणि मिटलं. नंतर वाटेत गुरुजी मला गंभीर चेहऱ्याने म्हणाले, पाहुण्यांनी त्याच कपात दुसऱ्यांदा मागून घेतला.

सुमन येऊन बसली. माणिकच्या वडिलांची नजर तिच्या दंडावरच्या पट्टीवर गेली. काय झालं, त्यांनी विचारलं.

बाभळीचा काटा, सोनाबाई म्हणाली. त्याच क्षणी आतल्या दारातून गंगूबाई म्हणाली, तव्याचा चटका. आणि ज्ञानोबाने, ज्याला पट्टी कशाची आहे हेच ठाऊक नव्हतं, बोकडाने धडक दिली असं सांगितलं.

मग सुमनने मान वर केली.

"माझ्या आईच्या पापण्या पडतात. आजीच्या बी थोड्या पडल्यात. माझ्या पडतील का न्हाई ते कुनालाच ठाऊक न्हाई. ते तपासायला ह्या बाईंनी माझं चिमूटभर कातडं घेतलंय."

सोनाबाईने कपाळाला हात लावला. मला वाटलं, संपलं. आपण एका पोरीचं लग्न मोडायला शंभर कोसांवरून आलो. माणिक माझ्याकडे वळला. हे लागट हाय का, त्याने विचारलं. मी म्हटलं, नाही. हिच्या पोरांना होईल का? मी म्हटलं, होऊ शकतं, होणारही नाही. किती आणि कधी हे मला सांगता येत नाही, आणि त्यावर औषध नाही. यापेक्षा गोड उत्तर माझ्याकडे नव्हतं.

त्याच्या वडिलांनी टोपी काढून पुन्हा घातली. माणिक त्यांच्याकडे वळला.

"बाबा," तो म्हणाला, "या घरात तिघांनी तीन सांगितलं. खरं बोलली ती हीच. मला ही पायजे."

वडील म्हणाले, घरी जाऊन ठरवू. माणिक म्हणाला, तुमी घरी जाऊन ठरवा, माझं झालं. आणि मग त्याने विचारलं, ती चौथी बाटली मोकळी का ठेवलीय? परांजप्यांनी कारण सांगितलं. माणिकने बाही वर केली.

सुई टोचेपर्यंत तो वाघासारखा बसला होता. कातडीचा तुकडा नळीत आला तो मात्र त्याने बघितला, आणि पोत्यासारखा आडवा झाला. सुमनने उठून त्याला सुपाने वारा घातला. वडील दारात उभे राहून ते पाहत होते. शेवटी ते ज्ञानोबाला म्हणाले, आता काय घरी जाऊन ठरवायचं, ह्यानं इथंच बिछाना घातला.

परभणी, परतताना

परांजप्यांना त्या घरातून निघवेना. केवळबाई पापणी उचलायला सारखा एक हात गुंतवते हे त्यांना खुपत होतं. त्यांनी सुचवलं की चष्म्याच्या चौकटीला आतून बारीक तार लावून पापणी वर टेकवता येईल. म्हणून परतताना केवळबाईला परभणीपर्यंत बरोबर घेतलं. सोनाबाई हक्काने आली, सुनेला एकटी सोडायची नाही म्हणून. एसटीत ती सुनेचा हात धरून बसली होती, आणि तो धरलेला हात कुणी बघू नये म्हणून वर पदर टाकला होता.

बाजारातल्या एका बोळात चष्म्याचं दुकान होतं. दुकानदार वयस्कर, मेंदी लावलेली दाढी, सगळे त्यांना चाचा म्हणत. परांजप्यांनी कागदावर तार काढून दाखवली. चाचांनी कागद उलटा धरून पाहिला, मग सुलटा. म्हणाले, असलं काम बापजन्मी केलं नाही, पण तार गोल घासून देतो, पलकेला टोचली तर मला शिवी द्या. आणि स्टो पेटवला.

तास-दीड तास बसावं लागलं. तेवढ्यात नमुन्यांचं पुढे काय झालं ते सांगते. चारही बाटल्यांतल्या पेशी पुण्यात जगल्या. माणिकच्या तर इतक्या वाढल्या की ताटल्या पुरेनात. केवळबाईच्या पुष्कळ पेशींत तेरा भागांचं ते यंत्र अर्धवट होतं. आत तयार व्हायचे ते तीन भाग पुरेसे होत नव्हते, आणि बाहेरून आलेले भाग जोडीदार नाहीत म्हणून नुसते पडून, मोडून जात होते. गंगूबाईचं प्रमाण कमी. सुमनच्या पेशींत यंत्रं जवळजवळ पुरी होती. मी तिला तसं कळवलं, आणि दंडाची कातडी ही पापणीची हमी नव्हे हेही कळवलं. तिचं लग्न उन्हाळ्यात झालं. सोनाबाईचा प्रश्न मी प्रयोगशाळेच्या फळ्यावर लिहून ठेवला. अलीकडे यीस्टमध्ये काही प्रथिनं सापडली आहेत, जी यंत्राचा भाग नसतात, पण ती म्होरं झाली नाहीत तर यंत्र उभं राहत नाही. माणसात कोण कोण आहेत, ते अजून शोधायलोत.

तर चाचांनी चौकट गार केली, तार कपड्याने पुसली आणि चष्मा केवळबाईच्या डोळ्यांवर चढवला. तिने नेहमीप्रमाणे मान मागे टाकली. चाचा म्हणाले, खाली घ्या, आता सरळ बघा. तिने मान हळूहळू खाली आणली. समोर स्टुलावर सोनाबाई बसली होती. केवळबाई तिच्याकडे बघत राहिली, बराच वेळ.

"आत्याबाई," ती म्हणाली, "तुमी लय म्हाताऱ्या झालात."

सोनाबाईने काउंटरवरचा आरसा उचलून सुनेच्या तोंडासमोर धरला. "तू बी काय कवळी ऱ्हायली न्हाईस."

केवळबाईने आरशात पाहिलं. कपाळावर पीठ होतं. ती हसायला लागली, सोनाबाईही हसायला लागली, आणि हसताना गाल वर गेले तशी तार सुटली आणि दोन्ही पापण्या पुन्हा खाली आल्या. त्यावर दोघी आणखीच हसल्या. चाचांनी चष्मा काढून घेतला, स्टो पुन्हा पेटवला, तार थोडी वाकवली आणि परत चढवला. म्हणाले, आता हसून दाखवा.

दोघी एकमेकींकडे बघून हसत राहिल्या. तार टिकली.